डोंगरउतारावरचं जुनं घर आणि हिवाळ्यातला पाऊस: गळकं छप्पर आत्ता दुरुस्त करायचं की उन्हाळ्यात?

उतारावरचं_घर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण माहिती दिली तरच कोणी नीट सांगू शकेल म्हणून. आमचं घर डोंगरउतारावर आहे, बरंच जुनं, मूळ घरावर कौलं आणि कौलांखाली काळं फेल्ट (डांबरी कापडाचा थर), आणि मागे म्हणजे डोंगराच्या अंगाला नंतर कोणीतरी एक खोली वाढवलीय तिच्यावर कमी उताराचा पत्रा. जुन्या घराचं मागचं पाखं (छपराची उतरती बाजू) जिथे संपतं तिथूनच या खोलीचा पत्रा सुरू होतो, त्यामुळे कौलांवरचं सगळं पाणी आधी पत्र्यावर येतं आणि मग डोंगराकडच्या पन्हळीत. इथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. एकदा झड लागली की छप्पर आठवडेच्या आठवडे वाळत नाही, मागे झाडं असल्याने त्या बाजूला ऊनही नाही आणि कौलांवर शेवाळाचा जाड थर.

गळती अशी आहे की जुनं घर आणि नवी खोली जिथे जुळतात त्या भिंतीच्या वरच्या कडेला तपकिरी डाग येतो, पण प्रत्येक पावसात नाही. जोरात पडूनही कधीकधी काही होत नाही आणि वारं असलं की मध्यम पावसातही डाग ओला. शिवाय पोटमाळ्यावर पहाटे थेंब दिसतात, तेसुद्धा पाऊस नसताना!! हे काय आहे कळत नाही.

तीन कारागीर बघून गेले. एक म्हणतो सगळं छप्पर उतरवून नवं करा, दुसरा म्हणतो वरून लिक्विड कोटिंग मारू, तिसरा म्हणतो चार कौलं बदलतो आणि सांध्यात सिमेंट भरतो. तिघांपैकी एकही पोटमाळ्यावर चढला नाही. आता कोणाचं ऐकायचं? आणि भर पावसाळी हिवाळ्यात काम काढायचं की कसंबसं उन्हाळ्यापर्यंत ढकलायचं?

कौलारू
ताई, पोटमाळ्यावर न चढता ज्याने निदान केलं त्याचं तुम्ही तूर्त ऐकू नका, तिघांचंही. छपराची गळती आतून वाचायची असते. पाऊस चालू असताना मोठी टॉर्च घेऊन वर जा, पाय फक्त तुळयांवर ठेवा (सिलिंगवर पाय दिलात तर सरळ खाली), आणि जिथे ओल दिसते तिथून वरच्या दिशेने बघत जा. पाणी आत शिरतं एका ठिकाणी, मग फेल्टवरून, वाशाच्या कडेने, रिपेवरून (कौलं टेकतात ती आडवी लाकडी पट्टी) घसरत घसरत दोन-तीन मीटर खाली येऊन टपकतं. वाशावर जुने डाग असतात, कडेला पांढुरकी रेघ असते, खिळ्याभोवती काळं वर्तुळ असतं. त्या डागांचं वरचं टोक गाठलंत की अर्धं काम झालं. तिथे खडूने खूण करा आणि फोटो काढा.

तुमच्या वर्णनावरून मला संशय एकाच जागेचा येतोय. वाऱ्यासोबतच गळतं म्हणालात ना, तर वाऱ्याने पाणी कौलांच्या खाली ढकललं जातं, हे जवळपास प्रत्येक कौलारू छपरात थोडंफार होतंच आणि त्यासाठीच तर खाली फेल्ट असतं. ते पाणी फेल्टवरून उतरत पाख्याच्या खालच्या कडेला येतं आणि तिथे फेल्टची कड पत्र्याच्या *वर* यायला हवी, म्हणजे पाणी पत्र्यावर उतरून पुढे जातं. जुन्या बिटुमेन फेल्टची हीच कड सगळ्यात आधी जाते कारण तिला ऊनही लागतं आणि ओलही. खालच्या रांगेतली दोन-तीन कौलं उचलून बघा, तिथलं फेल्ट जुन्या वर्तमानपत्रासारखं बोटाने मोडत असेल आणि पत्र्यापर्यंत पोचतच नसेल. तसं असेल तर पाणी पत्र्याच्या मागून थेट भिंतीत उतरतंय, तुमचा डाग नेमका तिथेच आहे.

असं असेल तर चार कौलं बदलून काही होणार नाही आणि सगळं छप्पर उतरवायचीही गरज नाही. खालच्या तीन-चार रांगा उतरवायच्या, कुजलेली फेल्टची पट्टी कापून नवीन अंडरले (म्हणजे फेल्टच्या जागी येणारा नवा थर) जुन्याच्या *खाली* सरकवून घालायचं, त्याची खालची कड पत्र्यावर आणायची, रिपा बदलायच्या आणि तीच कौलं परत बसवायची. भाजलेली मातीची कौलं सहसा फेल्टपेक्षा आणि खिळ्यांपेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे कौलं चांगली आणि आतलं सगळं गेलेलं असं जुन्या घरात नेहमी दिसतं.

पत्रेवाला
कौलारूंशी सहमत, फक्त पत्र्याची बाजूही तपासा. कमी उताराच्या पत्र्यावर पाणी हळू उतरतं आणि दोन पत्र्यांच्या जोडात केशाकर्षणाने वर चढतं. स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा, जुने झाले की चिरतात, स्क्रू घट्ट केल्याने उपयोग होत नाही, काढून एका नंबरने जाड स्क्रू नवीन वॉशरसकट घालायचा. आणि पत्र्याचं वरचं टोक कौलांखाली कितपत आत गेलंय ते मोजा. तिथे पत्रा नुसता कडेला टेकवलेला असतो, मग झडीत पाणी उलटं आत जातं. टोक वर वळवलेलं हवं, आणि जिथे पत्रा बाजूच्या भिंतीला भिडतो तिथे साधारण 150 मिमी उभी कड चांगली.

सांध्यात सिमेंट भरणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा. जुनं घर आणि वाढवलेली खोली यांचा पाया वेगळा, उतारावर तर माती दोघांखाली वेगवेगळी दबते, शिवाय पत्रा ऊनथंडीत लांबतो-आखडतो. सिमेंट कडक, त्यामुळे एका हंगामात केसाएवढी चीर पडते आणि मग ती चीर पाणी ओढून घेते. त्या सांध्याला हलायला जागा देणारं धातूचं फ्लॅशिंगच (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) पाहिजे, दोन तुकड्यांत, एक छपराला पक्कं आणि दुसरं भिंतीच्या खाचेत, एकमेकांवर सरकणारं. चिमणी असेल तर तिथेही तोच नियम.

ओलभिंत
पहाटेच्या थेंबांबद्दल लिहिते कारण तिकडे कोणी बघितलं नाही. पाऊस नसताना, थंड आणि निरभ्र रात्रीनंतर पोटमाळ्यावर थेंब दिसतात म्हणजे ती गळती नाही, ते घरातलंच बाष्प आहे. हिवाळ्यात खिडक्या बंद, स्वयंपाक, आंघोळी, घरातच वाळणारे कपडे, ही सगळी दमट हवा सिलिंगच्या फटींतून वर जाते आणि फेल्टच्या थंडगार पृष्ठभागाला लागून पाणी होते. ओळखायची खूण म्हणजे गळतीचा डाग एका जागी असतो, याची ओल पसरलेली असते आणि खिळ्यांच्या टोकांवर एकेक थेंब लोंबत असतो. थंडी जास्त असेल तर त्या टोकांवर चक्क दव गोठलेलं दिसतं.

बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप कुठे जातो ते आधी बघा!! जुन्या घरात तो पोटमाळ्यावरच सोडलेला असतो, बाहेर नेलेलाच नसतो. तो छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर काढा, पोटमाळ्याच्या झडपेला रबरी पट्टी लावा, दिव्यांच्या भोकांभोवती फटी बुजवा. मग हवा खेळती ठेवायची, खाली वळचणीतून आत आणि वर आढ्यापाशी बाहेर. बऱ्याच ठिकाणी नियम असा लावतात की पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/150 इतकी मोकळी जागा हवी, वर आणि खाली नीट विभागलेली असेल तर 1/300 चालते. वळचणीतल्या फटी इन्सुलेशन कोंबून बंद झाल्यात का तेही बघा, हे फार ठिकाणी होतं.

आणि हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे कोटिंग. फेल्ट आणि कौलं आधीच ओल धरून बसलीत, त्यावर वरून हवाबंद थर मारला की आतलं बाष्प अडकून वासे कुजायला लागतात. लाकडातली ओल सतत 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्याच, आणि वाशाची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, मऊ लागली तर आधी ते काम.

उतारावरचं_घर
बापरे, एक्झॉस्टचा पाइप खरंच पोटमाळ्यावर सोडलाय, आत्ताच बघून आले, पाइपच्या तोंडासमोरचा वासा काळा पडलाय पण टोचून बघितला तर कडक आहे. कौलं उचलायला उद्या माणूस बोलावते. पण मग हिवाळा कसा काढायचा? ताडपत्री टाकू का? आणि ते शेवाळ प्रेशर वॉशरने उडवायचं म्हणतोय एक जण.

कौलारू
प्रेशर वॉशर नको, अजिबात नको. पाण्याचा मारा खालून वर जातो आणि जे पाणी पावसाने आत गेलं नसतं ते तुम्ही स्वतः आत घालाल, शिवाय जुन्या कौलांचा वरचा कडक थर निघाला की ती जास्त पाणी शोषतात. कोरड्या दिवसांत मऊ ब्रशने किंवा लाकडी पट्टीने वरून खाली काढायचं. मग आढ्याच्या खाली जस्ताची किंवा तांब्याची पट्टी लावतात, पावसाने तिचे कण उतरत राहतात आणि शेवाळ परत धरत नाही. पण तुमच्याकडे खाली पत्रा आहे म्हणून तांबं नको, तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याला लवकर खातं. छपराचं पाणी पिण्यासाठी साठवत असाल तर यातलं काहीच नको, आणि फ्लॅशिंग शिशाचं आहे का तेही बघा. फांद्या छाटून ऊनवारा आत आला तर निम्मं शेवाळ तसंच कमी होतं.

ताडपत्री टाकायची तर ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर गेली पाहिजे. वरची कड पाख्याच्या मध्ये संपली तर पाणी तिच्या खाली शिरतं आणि तुम्हाला वाटतं आपण झाकलंय. कडा लाकडी पट्टीभोवती गुंडाळून पट्टी बांधायची, नुसत्या विटा ठेवू नका, उतारावर वाऱ्याने विटेसकट खाली येईल. पण तुमच्या जागेला मला ताडपत्रीपेक्षा बरं वाटतं ते असं की दोन दिवसांची उघडीप मिळाली की फक्त तेवढ्या सांध्याची कौलं उचलून अंडरलेची पट्टी सरकवून टाका. ते छोटं काम आहे, हिवाळ्यातही होतं. मोठं काम, म्हणजे रिपा, वासे, आढ्याचं फिक्सिंग, ते कोरड्या दिवसांत. पावसाळी हिवाळा आणि कोरडा उन्हाळा असलेल्या हवामानात एक सोय आहे की काम करायला कोरडे महिने सलग मिळतात. फक्त लोक पहिल्या पावसाआधीच्या पंधरवड्यात जागे होतात आणि तेव्हा चांगला माणूस मोकळा नसतो, तर आत्ताच बोलून ठेवा.

ओल्या छपरावर स्वतः चढू नका. शेवाळ आणि पाणी यात पाय टिकत नाही आणि तुमची उताराकडची बाजू जमिनीपासून किती उंच असेल विचार करा.

पत्रेवाला
+1. आणि डाग सिलिंगवर फुगून पोटासारखा आला तर तो फुटायची वाट बघू नका, खाली बादली ठेवून मधोमध छोटं भोक पाडा, नाहीतर अख्खं सिलिंग खाली येतं. दिव्याच्या जवळ ओल असेल तर त्या सर्किटचा स्विच आधी बंद.

सीलंटची नळी घेऊन ओल्या कडेवर काही लावत बसू नका, सिलिकॉन ओल्यावर धरत नाही आणि बिटुमेनवर तर कोरड्यातही नीट धरत नाही. पुढे उन्हाळ्यात फ्लॅशिंग करताना ते जुनं सिलिकॉन खरवडून काढण्यातच दिवस जातो.

सुतारकाम
सगळं उतरवून नवं करा म्हणणाऱ्याबद्दल. त्याला एकच प्रश्न विचारा, नवीन काय घालणार आणि त्याचं वजन किती. मोठी काँक्रीटची कौलं साधारण 40 ते 50 किलो दर चौरस मीटरला पडतात, धातूचा पत्रा 5 किलोच्या आसपास. जुने वासे कुठल्या वजनासाठी बसवलेत ते न बघता जड छप्पर चढवलं की आढं मध्ये बसतं, वासे भिंतींना बाहेर ढकलतात, आणि उतारावरच्या घराची खालच्या अंगाची भिंत आधीच उंच असते. उलट खूप हलकं केलं तर वारा उचलतो, कारण डोंगरावर वारा उतार चढताना वेग घेतो आणि आढं, कडा, कोपरे इथे ओढ सगळ्यात जास्त. म्हणून काहीही घाला, कडेची आणि आढ्याजवळची कौलं स्क्रूने किंवा क्लिपने बांधलेली पाहिजेत, नुसत्या चुन्या-सिमेंटच्या भरवशावर नको.

उन्हाळ्याचं अजून एक. हिवाळी पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात वणवे लागतात. पन्हळीत साठलेली कोरडी पानं, कौलांखालच्या मोकळ्या जागा, इथे ठिणगी बसते. वळचणीच्या फटींना हवेसाठी जाळी लावाल ती बारीक धातूची लावा, प्लास्टिकची नको.

जुनं काही ॲस्बेस्टॉसचं आहे का (नालीदार सिमेंटचे पत्रे, पाट्या) ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कापू-भोकं पाडू-घासू देऊ नका कोणाला.

दगडमाती
एवढं सगळं छपराचं बोललात, पण पन्हळीतून उतरणारं पाणी पुढे कुठे जातंय ते कोणी विचारलं नाही, आणि उतारावरच्या घराला खरा धोका तिथे आहे. मी उतारांच्या स्थैर्याचं काम करते म्हणून आधी तिकडेच लक्ष जातं.

हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 100 चौरस मीटरचं छप्पर आणि दिवसाला 50 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 5,000 लिटर. हे पाणी डोंगरावर एरवी पसरून पडलं असतं, छपराने ते गोळा करून दोन-तीन पाइपांतून एका जागी ओतलं. हिवाळ्यात माती आधीच भिजलेली, ऊन नाही, झाडंही थंडीत कमी पाणी ओढतात, त्यामुळे ते पाणी मातीच्या कणांमध्ये साठून दाब वाढवतं आणि मातीची पकड सुटते. उतार घसरतात ते बरेचदा असेच, पहिल्या पावसात नाही तर सततच्या झडीनंतर.

तुमचा खालच्या अंगाचा पाइप कुठे सुटतो? पायाशी उघडा सुटत असेल आणि तिथे भराव असेल (घर बांधताना वरची माती कापून खाली टाकतात, तोच भराव), तर ते आधी बंद करा, छपराच्या डागापेक्षा हे आधी. सांधे न गळणाऱ्या पाइपमधून पाणी भरावाच्या पलीकडे, शक्य असेल तर सार्वजनिक नाल्यात किंवा नैसर्गिक ओहोळात न्यायचं, आणि तोंडाशी मोठे दगड टाकायचे म्हणजे जोर मोडतो. शोषखड्डा सपाट जागेला चांगला, तीव्र उताराला नको, तो पाणी नेमकं नको तिथे मुरवतो. शेजाऱ्याच्या अंगावर सोडू नका हे सांगायला नकोच.

वरच्या अंगाला उलटी गोष्ट. डोंगरावरून येणारं पाणी आणि माती मागच्या भिंतीला लागते, तिकडची वळचण जमिनीच्या जवळ असते त्यामुळे पन्हळ पानांनी भरते, तुंबते आणि पाणी मागे पत्र्याखाली शिरतं. मग तो डाग छपराचा की भिंतीचा हे कळत नाही. भिंतीपासून थोडं लांब, घराच्या वर, उताराला आडवा एक चर काढून पाणी दोन्ही बाजूंना वळवा.

आणि हे दिसलं तर छप्पर राहू द्या, आधी भूतंत्र अभियंता बोलवा: जमिनीत उताराला आडव्या नवीन भेगा, कुंपण किंवा झाडं कलायला लागणं, दारं अचानक अडकणं, कोरड्या जागी पाझर फुटणं.

उतारावरचं_घर
दगडमाती ताई, हे वाचून लगेच खाली उतरून बघितलं. एक पाइप पायापासून हातभर अंतरावर उघडा सुटतो आणि तिथे माती खचून मांडीएवढी घळ पडलीय, गवताने झाकली होती म्हणून दिसत नव्हती. भेगा नाहीत, कुंपण सरळ आहे. आज तात्पुरता लांब लवचीक पाइप जोडून पाणी बाजूच्या पक्क्या नाल्यात सोडलं.

कौलंही उचलून बघितली. अगदी कौलारू म्हणाले तसंच, फेल्टची कड पत्र्याच्या अलीकडे चार बोटं संपतेय आणि खालची रीप पूर्ण काळी, नखाने माती निघावी तशी निघाली. वरचं फेल्ट मात्र अजून लवचीक आहे. उघडीप बघून तेवढी पट्टी करून घेतो, एक्झॉस्ट बाहेर काढतो, बाकी फ्लॅशिंग आणि आढं कोरड्या दिवसांत. त्या घळीत माती भरून टाकू का आत्ता?

दगडमाती
ओली माती नुसती ढकलून भरू नका, ती पाणी धरून बसेल आणि पहिल्या झडीत निघून जाईल. हिवाळाभर त्यावर प्लास्टिक अंथरून कडा दगडांनी दाबा म्हणजे पाऊस आत मुरणार नाही. कोरड्या दिवसांत पायऱ्या खणून, थर दाबत दाबत भरायची आणि वर खोल मुळांची झुडपं लावायची.

कायमचा पाइप टाकाल तेव्हा वळणापाशी एक उघडता येणारं तोंड ठेवा, पानं अडकली तर काढता यावीत. आणि जोराचा पाऊस चालू असताना खालच्या टोकाशी सुरक्षित जागी उभं राहून बघा, छपराचं पाणी जवळपास स्वच्छ यायला हवं. गढूळ येत असेल तर वाटेत एखादा सांधा सुटलाय आणि माती आत वाहून येतेय.